परक्या लेकरांचे पालक घडविणारा डॉक्टर

रवींद्रनाथ टागोरांच्या 'डाकघर' या नाटकातील अमल मराठी रसिकांना नवखा नाही. आजारपणामुळे घरात अडकून पडलेला, खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलणारा आणि राजाच्या पत्राची वाट पाहणारा हा मुलगा. या नाटकाचा एक प्रयोग १८ जुलै १९४२ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे, नाझींनी भिंती घालून बंदिस्त केलेल्या ज्यू वस्तीत झाला. प्रयोग करणारी मुले एका अनाथगृहातील होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ही मुले ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आली. त्यांच्यासोबत त्यांचे साठी ओलांडलेले डॉक्टरही गेले. त्यांचे नाव यानुश कोर्चाक.

कोर्चाक यांची आठवण जगाने ठेवली ती प्रामुख्याने या अखेरच्या प्रवासामुळे. त्यांच्यावर चित्रपट निघाला, पुतळे उभे राहिले, शाळांना त्यांचे नाव दिले गेले. परंतु त्या एका दिवसाच्या तेजाने आधीची तीस वर्षे काहीशी झाकोळली गेली, हेही तितकेच खरे. त्या तीस वर्षांत त्यांनी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. ज्या मुलाला आई-बाप नाहीत, किंवा असूनही त्याला सांभाळू शकत नाहीत, त्या मुलाला वाढविणाऱ्या माणसाला हे काम शिकवायचे कोणी, आणि कसे?

आज प्रतिपालक कुटुंबांची, म्हणजेच 'फॉस्टर केअर'ची चर्चा होते, तेव्हाही हाच प्रश्न समोर येतो. परक्या मुलाला काही काळासाठी घरात घेणाऱ्या माणसाकडे माया असावी, हे सर्वांना मान्य असते. त्याला प्रशिक्षण हवे, मार्गदर्शन हवे, अनुभवानुसार वरची जबाबदारी आणि मान हवा, हे मात्र फार उशिरा सुचते. कोर्चाक यांनी चालविले ते अनाथगृह. प्रतिपालक कुटुंबांची व्यवस्था त्यांनी उभारली नाही. पण दुसऱ्याचे मूल सांभाळणे हे शिकण्याचे काम आहे, असे मानून त्यासाठी रीतसर उमेदवारीची पद्धत ज्यांनी घालून दिली, त्या आरंभीच्या थोड्या लोकांत त्यांची गणना करावी लागेल.

वकिलाचा मुलगा

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्सातला, २२ जुलैचा; साल १८७८ की १८७९, याबद्दल खुद्द त्यांनाही खात्री नव्हती, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. घर सुखवस्तू ज्यू कुटुंबाचे, पोलिश भाषेत आणि संस्कृतीत मुरलेले. वडील योझेफ हे नावाजलेले वकील. मात्र हेन्रिक शाळेत असतानाच त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. उपचारांच्या खर्चात घर धुऊन निघाले होते. शाळकरी हेन्रिकवर शिकवण्या घेऊन आई आणि बहिणीच्या पोटापाण्याला हातभार लावण्याची वेळ आली.

दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्याचा हा अनुभव त्यांच्या पुढील आयुष्याची पहिली पायरी ठरला. लेखनाची ओढ होतीच. १८९८ मध्ये एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्यांनी टोपणनाव घेतले, ते क्राशेव्हस्की या पोलिश कादंबरीकाराच्या एका पात्रावरून. ते टोपणनावच पुढे कायम झाले. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली आणि १९०५ मध्ये पदवी मिळविली. पदवी हाती पडते न पडते तोच रशिया-जपान युद्धासाठी लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना पूर्वेकडे धाडण्यात आले.

युद्धावरून परतल्यावर वॉर्सातील बालरुग्णालयात त्यांनी काम केले. दिवसा श्रीमंतांच्या घरी जाऊन चांगली फी घ्यायची आणि गरिबांच्या मुलांवर अल्प मोबदल्यात किंवा मोफत उपचार करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. दरम्यान बर्लिन, पॅरिस आणि लंडन येथे जाऊन त्यांनी बालरुग्णालये आणि मुलांच्या संस्था पाहिल्या. डॉक्टर म्हणून नाव होत होते, लेखक म्हणूनही होत होते. तरीही एक गोष्ट त्यांना सलत होती. रुग्णालयातून बऱ्या होऊन गेलेल्या मुलाला पुन्हा त्याच ओल आलेल्या खोलीत, त्याच उपासमारीत परतावे लागे. औषधाने ताप उतरत होता. मुलाचे आयुष्य बदलत नव्हते.

फसलेल्या पहिल्या रात्री

या काळात गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरांत ते पर्यवेक्षक म्हणून जाऊ लागले. शहरातील कोंदट गल्ल्यांतील मुलांना काही आठवडे खेड्यातील मोकळ्या हवेत न्यायचे, असे या शिबिरांचे स्वरूप असे. तरुण कोर्चाक खेळ, गोष्टी आणि उत्साह यांची शिदोरी घेऊन गेले. मुले आपल्यावर भाळतील, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांतच त्यांची फजिती झाली. मुले ऐकेनात, रात्री झोपण्याच्या खोलीत गोंधळ घालू लागली, आणि मुलांवर प्रेम करणाऱ्या या डॉक्टरवर दमदाटी करण्याची पाळी आली.

हा प्रसंग त्यांनी लपविला नाही. पुढे तरुण शिक्षकांसाठी लिहिताना त्यांनी आपल्या चुका एकेक करून मांडल्या. मुलांवरील प्रेम आणि मुलांबरोबर राहण्याचे कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना शिबिरांनी दिला. नावे पाठ नसणे, जागांची वाटणी आधी न ठरविणे, सर्वांत दांडगा मुलगा कोण हे न ओळखणे, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर सगळा दिवस फिसकटतो, हे त्यांनी अनुभवले. त्यावर विचार करून पुढच्या शिबिरांत त्यांनी पद्धत बदलली. मुलांशी बोलून नियम ठरविले, भांडणे मिटविण्यासाठी मुलांचीच न्यायसभा बसविली. १९१० आणि १९११ मध्ये या शिबिरांवरील त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एकात ज्यू मुलांचे शिबिर होते, दुसऱ्यात पोलिश ख्रिस्ती मुलांचे.

क्रोख्माल्ना रस्त्यावरील घर

एका अनाथ साहाय्य संस्थेच्या कामातून त्यांची स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्याशी गाठ पडली. १८८६ साली जन्मलेल्या स्तेफानिया बेल्जियममध्ये निसर्गविज्ञान शिकून आल्या होत्या. मुले त्यांना 'पानी स्तेफा' म्हणत, आपल्या भाषेत सांगायचे तर स्तेफाबाई. कोर्चाक यांच्या कार्याचा इतिहास या बाईंना वगळून लिहिता येत नाही. डॉक्टर कल्पना मांडत. ती कल्पना रोजच्या वेळापत्रकात, कपड्यांच्या कपाटात आणि जेवणाच्या टेबलावर उतरविण्याचे काम स्तेफाबाईंचे.

७ ऑक्टोबर १९१२ रोजी वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांसाठी 'दोम शेरोत' सुरू झाले. या नावाचा अर्थच अनाथांचे घर. सात ते चौदा वयाची सुमारे शंभर मुले-मुली तेथे राहत. कोर्चाक यांनी रुग्णालयातील नोकरी सोडली आणि त्याच इमारतीच्या माळ्यावरील खोलीत मुक्काम हलविला. स्वतःचे लग्न, स्वतःचा संसार हा विचार त्यांनी त्याआधीच दूर केला होता.

नवी इमारत, नवे फर्निचर, स्वच्छ स्नानगृहे असूनही पहिले वर्ष अतिशय कठीण गेले. जुन्या आश्रयस्थानातून आलेल्या मुलांनी नव्या शिस्तीला विरोध केला. पुन्हा एकदा कोर्चाक यांना जाणवले की चांगली वास्तू म्हणजे चांगले घर नव्हे. घर चालते ते त्यातील माणसांच्या रोजच्या वागण्यावर.

त्यातून हळूहळू एक व्यवस्था आकाराला आली. घरातील झाडलोट, भांडी, वाचनालय, लहानांचा अभ्यास ही कामे मुलांनी वाटून घेतली. अर्ध्या तासाचे काम हे मोजमापाचे एकक ठरले आणि ठरावीक एकके पूर्ण झाली की स्मृतिचित्र म्हणून एक पोस्टकार्ड मिळू लागले. पगारी कर्मचारी मोजकेच ठेवले गेले. नव्याने आलेल्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठा मुलगा किंवा मुलगी पालक म्हणून नेमली जाई. हा बालपालक नवागताला घराची रीत समजावून सांगे, त्याच्या चुकांची जबाबदारी घेई आणि त्याच्याविषयी वहीत टिपणे लिही. म्हणजे सांभाळण्याचे पहिले शिक्षण सांभाळल्या जाणाऱ्यांनाच मिळत होते. काही काळाने इतर मुले मतदान करून त्या नवागताला घरातील दर्जा ठरवून देत. वागणूक सुधारली की दर्जाही वाढे.

सर्वांत गाजली ती मुलांची न्यायसभा. तिची संहिता कोर्चाक यांनी लिहिली होती. तिच्या पहिल्या नव्व्याण्णव कलमांत क्षमा होती. कठोर निर्णय फार पुढच्या कलमांत आणि क्वचितच वापरले जाणारे. विशेष म्हणजे मोठ्यांवरही खटला भरता येत असे. सहा महिन्यांच्या काळात स्वतः कोर्चाक पाच वेळा या सभेसमोर उभे राहिले. मुलांची करमणूक व्हावी म्हणून हा खेळ रचलेला नव्हता. सांभाळणाऱ्याच्या हातात मुलावर मोठी सत्ता असते आणि त्या सत्तेचा जाब विचारणारे कोणी नसेल तर भला माणूसही उद्दाम होतो, हे ओळखून केलेली ती तजवीज होती.

महायुद्ध आणि एक पुस्तक

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कोर्चाक पुन्हा रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले. अनाथगृहाचा सारा भार स्तेफाबाईंवर पडला. युद्धभूमीवरील फिरत्या रुग्णालयात, तोफांच्या आवाजात त्यांनी मुलांवर प्रेम कसे करावे या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. कुटुंबातील मूल, वसतिगृहातील मूल, उन्हाळी शिबिर आणि अनाथगृह असा या ग्रंथाचा व्याप आहे. तयार उत्तरे देणारे हे पुस्तक नाही. वाचणाऱ्याने आपल्यासमोरच्या मुलाकडे स्वतः पाहावे, नोंद करावी आणि मगच निष्कर्ष काढावा, हा त्याचा आग्रह आहे.

याच काळात कीव्ह येथे त्यांची मारिना फाल्स्का यांच्याशी ओळख झाली. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९ मध्ये वॉर्साजवळील प्रुश्कुव येथे पोलिश मुलांसाठी 'नाश दोम', म्हणजे आमचे घर, ही संस्था फाल्स्काबाईंनी कोर्चाक यांच्या सहकार्याने सुरू केली. पुढे १९२८ मध्ये ती वॉर्साच्या बिएलानी भागात हलली. १९२० मध्ये पोलंड-सोव्हिएत युद्धाच्या धामधुमीत लष्करी रुग्णालयात काम करताना कोर्चाक यांना टायफसने गाठले. त्यांची शुश्रूषा करताना आईला संसर्ग झाला आणि ती गेली. हे दुःख त्यांना अखेरपर्यंत सोडून गेले नाही.

बुर्सा : पालकत्वाची उमेदवारी

अनाथगृहातील मुलाला चौदा वर्षे पूर्ण झाली की घर सोडावे लागे. बाहेर बेकारी होती, ज्यूंविषयीचा द्वेष होता आणि पाठीशी कोणीच नव्हते. दुसरीकडे घरात हात कमी पडत होते. या दोन अडचणींतून १९२३ च्या सुमारास 'बुर्सा' जन्माला आली. बुर्सा म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृह. पण क्रोख्माल्ना रस्त्यावरील ही बुर्सा नुसती राहण्याची सोय नव्हती. मुलांना सांभाळणाऱ्यांची ती शाळा होती.

आरंभी अनाथगृहातच वाढलेले काही तरुण-तरुणी बुर्सात राहिले. नंतर बाहेरून, शिक्षकी पेशाची तयारी करणारे विद्यार्थीही येऊ लागले. त्यांना राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळे. त्याबदल्यात दिवसाचे काही तास त्यांनी मुलांसाठी द्यायचे. कोणी लहानांना अंघोळ घाली, कोणी अभ्यासाला बसे, कोणी रात्रीच्या पाळीवर झोपण्याच्या खोलीत लक्ष ठेवी, कोणी आजारी मुलापाशी थांबे. उरलेल्या वेळात त्यांचे स्वतःचे शिक्षण चाले. शहरापासून दूर गोत्स्वावेक येथे संस्थेचे उन्हाळी केंद्र होते. तेथेही हे उमेदवार मुलांबरोबर जात.

या उमेदवारीचा कणा म्हणजे वही. प्रत्येकाने दिवसभरात काय पाहिले, कोणत्या मुलाचे काय चुकले, आपले काय चुकले, कोणता प्रश्न सुटला नाही, हे लिहायचे. या वह्या स्तेफाबाई वाचीत आणि त्यांत आपली टिपणे लिहून परत देत. एखादे मूल सारखे भांडते, असे नुसते लिहिलेले त्यांना चालत नसे. केव्हा भांडते, कोणाशी भांडते, भांडणाआधी काय घडले होते, हे त्यांना हवे असे. आठवड्यातून एकदा सर्वांची बैठक होई. त्या बैठकीत या नोंदींवर चर्चा चाले आणि कोर्चाक आपले निरीक्षण सांगत.

कोर्चाक यांच्या डॉक्टरी शिक्षणाची छाप या पद्धतीवर स्पष्ट दिसते. रुग्णालयात तरुण डॉक्टर वरिष्ठाच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतो, केसपेपर लिहितो, चुकतो आणि शिकतो. मुलांच्या संगोपनाला हीच शिस्त का नसावी, असा त्यांचा विचार होता. ते स्वतः वर्षानुवर्षे दर आठवड्याला मुलांची वजने-उंची घेत आणि त्यांचे तक्ते ठेवत. मूल किती वाढले याबरोबरच, कोणते मूल तराजूवर चढताना हसते आणि कोणते खाली मान घालते, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

बुर्सातून पुढे जाण्याचा मार्गही होता. काळजी घेतले जाणारे मूल, नवागताचा बालपालक, बुर्सातील उमेदवार, मग जबाबदार संगोपक, अशा पायऱ्या एखाद्याला एकाच घरात चढता येत. काही जण इतर अनाथगृहांत आणि शाळांत कामाला लागले. काही पॅलेस्टाइनमध्ये गेले आणि तेथील किबुत्झमधील बालगृहांत आपली शिदोरी घेऊन उभे राहिले. इडा मेर्झान यांच्यासारख्या बुर्सातून घडलेल्या शिक्षिकेने युद्धानंतर या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. बुर्साच्या दैनंदिन कामाची बरीचशी माहिती आज अशा लेखनातूनच मिळते.

सारे सुरळीत होते, असे मात्र नाही. काम कष्टाचे होते आणि स्तेफाबाई कडक होत्या. १९३० च्या दशकात डाव्या विचारांच्या काही तरुण उमेदवारांनी कोर्चाक यांच्यावर टीकाही केली. घरात न्याय आणि समता, पण दाराबाहेर पाऊल टाकताच अन्याय आणि बेकारी. अशा जगासाठी तुम्ही मुलांना तयार करीत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. कोर्चाक राजकीय क्रांतीवर विसंबून राहणारे नव्हते. मतभेद तीव्र झाले आणि काही जण दुरावले. हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढणे त्यांना जमले नाही, हे मान्य केले पाहिजे. चौदाव्या वर्षी दाराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला बुर्सात जागा नव्हती.

क्ष-किरणांच्या पडद्यावरील हृदय

अनाथगृहाच्या भिंतींपलीकडेही त्यांनी संगोपकांचे शिक्षण नेले. मारिया ग्झेगोझेव्हस्का यांनी १९२२ मध्ये वॉर्सात स्थापन केलेल्या विशेष शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेत ते शिकवीत. त्यांच्या एका व्याख्यानाची आठवण विद्यार्थ्यांनी सांगितली आहे. त्यांनी वर्गाला क्ष-किरण विभागात नेले. सोबत एक लहान मूल होते. काळोख्या खोलीत, अनोळखी माणसांसमोर ते मूल यंत्रामागे उभे राहिले आणि पडद्यावर त्याचे धडधडणारे हृदय दिसू लागले. मुलावर रागावण्यापूर्वी, त्याला शिक्षा करण्यापूर्वी हे दृश्य आठवा, एवढाच त्या दिवसाचा पाठ होता. व्याख्यान संपले.

वॉर्साच्या न्यायालयात बालगुन्हेगारांच्या प्रकरणांत तज्ज्ञ म्हणून ते जात. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी मुलांसाठी चालविलेले साप्ताहिक सुरू केले. एका ज्यू दैनिकाची ती पुरवणी होती. राजा झालेल्या लहानग्या माचुशची त्यांची कथा १९२० च्या दशकात घराघरांत पोहोचली. १९३० च्या दशकात पोलिश रेडिओवर 'म्हातारा डॉक्टर' या नावाने त्यांची भाषणे होऊ लागली आणि अफाट लोकप्रिय झाली. परंतु पोलंडमध्ये ज्यूद्वेषाची लाट चढत होती. १९३६ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. त्याच वर्षी 'नाश दोम'शी असलेला त्यांचा संबंधही संपला. १९३४ आणि १९३६ मध्ये ते पॅलेस्टाइनला जाऊन आले होते. तेथे स्थायिक होण्याचा विचार त्यांच्या मनात घोळत होता. स्तेफाबाई तर तेथे राहूही लागल्या होत्या. पण १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, त्या आपल्या मुलांकडे परतल्या.

दोन घरांतील अंतर

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. १९४० च्या अखेरीस ज्यूंना घेट्टोत कोंडण्यात आले आणि 'दोम शेरोत'ला आपली वास्तू सोडावी लागली. स्थलांतराच्या वेळी मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली. तिची दाद मागायला गेलेले कोर्चाक ज्यूंसाठी सक्तीची असलेली दंडपट्टी न लावता गेले आणि तुरुंगात पडले. महिनाभराने सुटून आले ते खचलेल्या प्रकृतीने. मुलांची संख्या आता दोनशेवर गेली होती. थकलेले डॉक्टर पाठीवर पोते टाकून दारोदार धान्य, पैसे मागत फिरत.

अशा अवस्थेत फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी आणखी एका कामासाठी अर्ज केला. घेट्टोतील जेल्ना रस्त्यावर सुमारे एक हजार मुलांचे एक आश्रयगृह होते. तेथे मुले भुकेने आणि रोगाने मरत होती आणि कर्मचाऱ्यांपैकी काही जण मुलांच्या तोंडचा घास पळवीत होते. कोर्चाक यांनी तेथे जाऊन सुधारणा करण्याचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्यांनी त्यांना परके मानले, विरोध केला. काही महिन्यांच्या खटपटीनंतरही त्यांच्या हाती फारसे यश आले नाही.

ही घटना त्यांच्या चरित्रांत बहुधा ओझरती येते. वास्तविक त्यांच्या आयुष्यभराच्या म्हणण्याचा याहून कठोर पुरावा दुसरा नसेल. शहर तेच, भिंत तीच, दुष्काळ तोच. एका घरात मुलांचे धडे, न्यायसभा, वह्या आणि नाटक अखेरपर्यंत चालू होते. दुसऱ्या घरात मुले बेवारस मरत होती. दुसऱ्या घरात मुलांची संख्या कितीतरी पट होती आणि हाल अधिक होते, हे खरे. पण फरक तेवढाच नव्हता. पहिल्या घरातील माणसे वर्षानुवर्षे तयार झालेली होती. दुसरीकडे माणसे केवळ नेमलेली होती. त्यांना ना कोणी शिकविले होते, ना कोणी जाब विचारला होता. संकटकाळी माणूस आयत्या वेळी चांगला पालक होत नाही. तो आधी घडलेला असावा लागतो.

'डाकघर'चा प्रयोग बसविला तो एस्टेरका विनोग्रोन या तरुण सहायिकेने. मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरे जाता यावे, या हेतूने कोर्चाक यांनी हे नाटक निवडले, असे सांगितले जाते. चारच दिवसांनी, २२ जुलैला, म्हणजे कोर्चाक यांच्या वाढदिवशी, घेट्टोतून माणसांना रेल्वेने हलविण्यास सुरुवात झाली. एस्टेरका धरपकडीत सापडली आणि परतली नाही.

ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात 'दोम शेरोत'ची पाळी आली. मुले रांगा करून निघाली. कोर्चाक सोबत होते. स्वतःला वाचविण्याच्या संधी त्यांच्यासमोर यापूर्वी आल्या होत्या. पोलिश मित्रांनी बाहेर काढण्याची तयारी दाखविली होती. त्यांनी त्या नाकारल्या. याची नोंद सर्वत्र आढळते. कमी वेळा सांगितले जाते ते हे की, स्तेफाबाई आणि इतर सुमारे दहा सहकारीही त्या रांगांत होते. त्यांतील काही जण याच घरात अनाथ मूल म्हणून वाढले होते. कोणीही त्या प्रवासातून परतले नाही. एकट्या महात्म्याची कथा म्हणून हा प्रसंग सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात तेथे एक संपूर्ण घडलेला संच आपले काम न सोडता चालत गेला.

मागे उरलेले

कोर्चाक यांची अखेरच्या महिन्यांतील दैनंदिनी घेट्टोबाहेर पोहोचली आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस वर्षांचे वजन-उंचीचे तक्ते आणि बुर्साच्या वह्या मात्र बहुतांशी नष्ट झाल्या. पोलंडने १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव ठेवला आणि १९८९ मध्ये तो करार संमत झाला. त्यामागील प्रेरणांत कोर्चाक यांचे नाव आवर्जून घेतले जाते. आंद्रे वायदा यांनी १९९० मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. क्रोख्माल्ना रस्त्यावरील त्या घराची इमारत युद्धातून बचावली. रस्त्याचे नाव तेवढे बदलले.

हक्कांची सनद आली, पण त्या हक्कांची राखण करणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा विचार मागेच राहिला. इंग्लंडमध्ये प्रतिपालकांसाठी प्रशिक्षणाची राष्ट्रीय मानके आली तीही २००० च्या दशकात. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ ने प्रतिपालकत्वाला कायद्यात स्थान दिले, २०१६ मध्ये केंद्राने त्यासाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४ मध्ये त्या सुधारल्या. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचा आधार अनेक मुलांना मिळतो. योजना, निकष आणि अनुदान यांविषयी बोलणे होते, ते झालेच पाहिजे. पण जी आत्या, जी आजी, जी परकी बाई किंवा बालगृहातील जी काळजीवाहक रात्री रडून उठणाऱ्या मुलाजवळ बसते, तिला कोण शिकवितो, तिची वही कोण वाचतो, दहा वर्षांच्या अनुभवानंतर तिला कोणती पायरी मिळते, हे प्रश्न आपल्याकडे अजून पुरेशा गांभीर्याने विचारले जात नाहीत.

कोर्चाक यांना संत म्हणणे सोपे आहे, कारण संताचे अनुकरण कोणी करीत नाही. त्यांनी ठेवलेला वारसा मात्र अगदी अनुकरणीय आहे. एक वही, आठवड्यातून एक बैठक, चूक कबूल करण्याची मुभा, मुलाला तक्रार करण्याचा हक्क आणि चांगले काम करणाऱ्याला वरची पायरी. यासाठी महात्मा लागत नाही. लागतो तो एक निर्णय : परक्या लेकराला वाढविणे हे उपकाराचे काम मानायचे, की शिकण्याचे.